४०७ ची गोष्ट

मंडळी, गेल्या वर्षी आमच्या एका क्लायंटने घरची सॉफ्टवेअर टीम मोडून सगळं बाहेरून विकत घेतलं. सल्ला माझाच. वर्षभरात लायसन्सचं बिल वाढलं आणि ते रास्त आहे का हे सांगणारं कंपनीत कोणी उरलं नव्हतं. तेव्हापासून मला टाटा ४०७ फार आठवते. (चिंचवडहून आमचं घरसामान हलवलं तेही ४०७ मधूनच!)

टेल्कोने १९५४ मध्ये जर्मनीच्या डाइम्लर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार करून जमशेदपूरला ट्रक बनवायला घेतले. त्यांच्यावर मर्सिडीजचा तारा असे. पण करार चालू असतानाच, १९६६ मध्ये, सुमंत मूळगावकरांच्या काळात कंपनीने पुण्यात संशोधन केंद्र काढलं. पुण्याच्या कारखान्यात सुरुवात झाली तीही गाड्यांनी नव्हे, तर गाड्या बनवायला लागणाऱ्या यंत्रांनी. आजचा एखादा सीएफओ म्हणाला असता, कशाला हा खर्च, जर्मन आहेत ना! १९६९ ला करार संपला, तारा उतरला, ट्रक निघतच राहिले.

खरी परीक्षा ऐंशीच्या दशकात झाली. हलक्या ट्रकसाठी सरकारने जपानी भागीदारीला परवानगी दिली आणि डीसीएम-टोयोटा, ऑल्विन-निस्सान, स्वराज-माझदा, आयशर-मित्सुबिशी असे चौघे तयार डिझाइन घेऊन उतरले. टेल्कोने १९८६ मध्ये स्वतःची ४०७ आणली.

त्याच सुमारास येन भडकला. १९८५ मध्ये डॉलरला सुमारे २४० येन मिळत, ते तीन वर्षांत १२५ च्या आसपास आले. जपानहून येणारे सुटे भाग महागले. टेल्कोला याचा फारसा चटका बसला नाही. यात नशिबाचाही वाटा होता, हे कबूल करायला हवं. आयशर आणि स्वराज टिकून राहिल्या; ऑल्विन-निस्सान महिंद्राकडे गेली, डीसीएमने पुढे टोयोटाच्या जागी देवू आणली.

म्हणून टेल्को बाहेरून काही घेतच नव्हती असं नाही हं. १९९८ च्या इंडिकाची बाह्यरचना इटलीतल्या तुरीनच्या डिझाइन संस्थेबरोबर झाली. फरक एवढाच, की काय मागायचं आणि आलेलं काम कसं तपासायचं हे जाणणारी माणसं पुण्यात बसलेली होती. माझ्या क्लायंटने आता दोन जुन्या इंजिनिअरना परत बोलावलंय.