शर्टाच्या बटणाएवढा नेम

आज आपण बंदुकीबद्दल बोलणार आहोत. घाबरू नका. आपल्या भागात बंदूक म्हटलं की पोलिसांची, चोरट्या शिकाऱ्याची, नाहीतर जुन्या मालगुजाराच्या वाड्यातली, एवढीच आठवते. त्यात बाई कुठेच नसते. पण एक बंदूक अशी आहे, जिने आपल्या महाराष्ट्राच्या मुलींना जगात नाव मिळवून दिलं. ती म्हणजे पॉइंट बावीसची रायफल.

आधी ती समजून घेऊ. हिच्या नळीचं तोंड सुमारे साडेपाच मिलिमीटर, गोळी अडीच ग्रॅमच्या आसपास. मोठ्या काडतुसाच्या बुडाशी मधोमध एक टोपी असते, तिच्यावर ठोका बसला की ठिणगी पडते. बावीसच्या काडतुसाला तशी टोपी नसते. करंजीची कड दुमडतो ना, तशी त्याच्या बुडाची कड दुमडलेली असते आणि ठिणगीची दारू त्या कडेत असते. घोडा ओढला की पिन कडेवर आपटते. त्यासाठी कडेचा पत्रा पातळ ठेवावा लागतो, म्हणून दारूही थोडीच भरतात. आवाज लहान, खांद्याला धक्का अगदी कमी. नवशिक्या मुलीला शिकायला ही बरी, ती त्यामुळेच. मात्र हे खेळणं नव्हे. हिची गोळी एक किलोमीटरच्या पुढेही जाऊ शकते आणि माणसाचा जीव घेऊ शकते.

आज जगभर चालणारं बावीसचं काडतूस 1887 साली अमेरिकेत निघालं. त्याच्या नऊच वर्षं आधी, 1878 साली, इंग्रज सरकारने आपल्याकडे हत्यारांचा कायदा केला होता. हिंदी माणसाला परवाना लागणार, गोऱ्याला लागणार नाही, असा तो भेदभाव होता. लोकांना तो फार झोंबला. 1931 च्या कराची काँग्रेसच्या ठरावात, नियमांच्या मर्यादेत शस्त्र बाळगण्याचा हक्कही मागितलेला आहे.

स्वातंत्र्यानंतर 1951 साली नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर, तेच पुढे लोकसभेचे पहिले अध्यक्ष झाले. मूळ रत्नागिरीकडचं मराठी घराणं. नेमबाजीची मावळंकर स्पर्धा त्यांच्याच नावाने भरते.

मग 1959 चा शस्त्र कायदा आला, तो आजही चालू आहे. त्यात बावीसच्या रायफलीचा वेगळा उल्लेख आहे. मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सभासदाला निशाणेबाजीच्या सरावासाठी तिचा परवाना मिळू शकतो. पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा उल्लेखही तिथेच शेजारी आहे. कायद्यात कुठेही 'फक्त पुरुषाला' असं लिहिलेलं नाही.

कायद्याने अडवलं नाही, तरी खेळाने बायांना बराच काळ अडवलं. ऑलिम्पिकमध्ये 1968 साली बायांना नेमबाजीत उतरू दिलं, तेही पुरुषांच्याच स्पर्धेत. 1976 साली माँट्रियलला अमेरिकेच्या मार्गारेट मर्डॉक यांनी बावीसच्या रायफलीने आपल्याच देशाच्या लॅनी बॅशम यांच्याइतकेच गुण मिळवले. नियमाने सुवर्ण त्यांना आणि रौप्य हिला मिळालं. राष्ट्रगीत सुरू झालं, तेव्हा बॅशम यांनी मर्डॉक यांना हात देऊन आपल्या पायरीवर उभं केलं. बायांसाठी वेगळ्या स्पर्धा सुरू झाल्या त्या 1984 साली. त्यातही बायांना गोळ्या कमी असायच्या. तीन पोझिशनच्या स्पर्धेत पुरुषांइतक्याच गोळ्या मिळायला 2018 उजाडलं.

आता आपल्या मुलींकडे या. मुंबईच्या अंजली भागवत कॉलेजात एनसीसीत गेल्या आणि तिथून नेमबाजीकडे वळल्या. 2000 साली सिडनी ऑलिम्पिकमध्ये एअर रायफलच्या अंतिम फेरीत पोचल्या. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी 2010 साली म्युनिकला बावीसच्या रायफलीने जागतिक सुवर्ण जिंकलं. पोटावर पडून, 50 मीटरवरच्या लक्ष्यावर 60 गोळ्या झाडायच्या. मधलं दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम दहा मिलिमीटरचं, शर्टाच्या बटणाएवढं. 600 पैकी 597 गुण मिळवून त्यांनी तेव्हाच्या विश्वविक्रमाची बरोबरी केली. नेमबाजीत जगज्जेती झालेली ती पहिली भारतीय बाई. पहिलं ऑलिम्पिक त्या खेळल्या ते चाळिशीत, टोकियोला. 'आता वय झालं' म्हणणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे ध्यानात ठेवावं.

2024 साली पॅरिसला कांस्यपदक जिंकणारा स्वप्नील कुसाळेही राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडी या लहानशा गावचा. तेव्हा त्याची आई गावची सरपंच होती. म्हणजे हा खेळ नुसता शहरातल्यांचा राहिलेला नाही.

मग आपल्या गोंदियात काय करायचं? पहिला दरवाजा एनसीसीचा. ज्या शाळा-कॉलेजात एनसीसी आहे, तिथे मुलींनाही प्रवेश असतो. बावीसच्या रायफलीने फायरिंग तिथेच शिकवतात, आणि रायफल सरकारची. पोरगी म्हणाली 'मला नाव द्यायचं आहे', तर 'हे पोरांचं काम' म्हणून तिला परत पाठवू नका. रायफल महाग, गोळ्या महाग, रेंज दूर, हे खरंच आहे. पण सुरुवातीला लागतो तो घरचा होकार, आणि तो देणं आपल्या हातात आहे.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक. काही घरांत आजोबांची, धन्याची जुनी बंदूक असते. परवाना त्या माणसाच्या नावाचा असतो, घराचा नसतो. तो माणूस गेला की बंदूक माळ्यावर ठेवून चालत नाही. ती विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची आणि पावती घ्यायची. नंतर वारस म्हणून आपल्या नावाने परवान्याचा अर्ज करता येतो, बाईलाही. दुःखात हे सुचत नाही, आणि गुन्हा मात्र घरात राहिलेल्या बाईच्या माथी येऊ शकतो. गटात एखादीवर अशी वेळ आली, तर दोघीजणी तिच्यासोबत ठाण्यात जा.

आणि तिसरं. रानडुकरांनी धानाच्या बांध्या तुडवल्या की राग येतो, आम्हालाही येतो. पण 1972 च्या वन्यजीव कायद्याने परवानगीशिवाय शिकार करता येत नाही. आपण नवेगाव-नागझिऱ्याच्या शेजारी राहतो. नुकसान झालं तर पंचनामा करून वनखात्याकडे भरपाई मागायची. कुणाच्या बिनपरवान्याच्या बंदुकीला आपल्या घरात आसरा द्यायचा नाही.

येत्या बैठकीत एवढं विचारा: कुणाच्या मुलीच्या शाळेत एनसीसी आहे, आणि कुणाच्या घरात जुनी बंदूक पडून आहे. दोन्ही याद्या करा. पहिल्या यादीतल्या मुलींची नावं शाळेत द्या. दुसऱ्या यादीतल्या घरांचा परवाना कुणाच्या नावाने आहे आणि त्याची मुदत कधी संपते, ते बघा.