कोचिटीच्या मातीतील कथेकरी आजोबा

अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यात रिओ ग्रांदे नदीकाठी वसलेले कोचिटी हे पुएब्लो लोकांचे, म्हणजे दगडमातीची जोडघरे बांधून शतकानुशतके शेती करत राहिलेल्या मूलनिवासी समाजाचे गाव आहे. तेथील एका पुराणकथेत मृत्तिका-आजी भांडे घडवत असताना मृत्तिका-आजोबा नाचता नाचता ते लाथेने फोडतो आणि नंतर त्याच मातीचा एकेक तुकडा गावातील प्रत्येक स्त्रीला देऊन भांडी घडवणे कधी विसरू नका, असे बजावतो.

१८८० साली रेल्वे या प्रदेशात आली, तेव्हा कोचिटीच्या कुंभारणी पाद्री, व्यापारी, सर्कशीतील कलावंत अशा परक्यांच्या मिश्किल मूर्ती घडवू लागल्या. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे काम जवळजवळ थंडावले होते. मूल घेतलेली गाणारी आई मात्र काही जणी घडवत राहिल्या.

कोचिटीच्याच हेलन कॉर्देरो (१९१५–१९९४) यांनी चामड्याचे काम व मणीकाम सोडून माती हाती घेतली, परंतु त्यांचे वाडगे वाकडे होत, म्हणून नात्यातील हुआनिता आर्केरो यांनी त्यांना मूर्ती करण्यास सुचवले. १९६४ मध्ये लोककलेचे संग्राहक अलेक्झांडर जिरार्ड यांनी मुलांसह बसलेली मोठी मूर्ती मागितली, तेव्हा कॉर्देरो यांना नातवंडांच्या घोळक्यात गोष्टी सांगणारे आपले आजोबा सांतियागो क्विंताना आठवले आणि पाच मुले अंगाखांद्यावर घेतलेला कथेकरी साकारला. आईच्या जागी आजोबा आले, हा बदल मुलांच्या वाढलेल्या संख्येहून फार मोलाचा आहे, कारण त्यामुळे एका ठरावीक प्रतिमेत एका विशिष्ट माणसाची स्मृती शिरली. क्विंताना यांनी मानववंशशास्त्रज्ञांनाही माहिती पुरवली होती, आणि कोचिटीच्या कथा त्यांपैकीच रूथ बेनेडिक्ट यांच्या १९३१ च्या संग्रहात छापल्या गेल्या; पण छापील पानावर फक्त कथा उतरते, ती सांगण्याची क्रिया उतरत नाही. कॉर्देरो यांच्या मूर्तीचे डोळे मिटलेले असतात, कारण आजोबा विचारात गढलेले आहेत, आणि तोंड उघडे असते, कारण ते गात आहेत. पांढऱ्या मातीचा पातळ लेप, रानभाजी उकळून केलेला काळा रंग, तांबडी माती आणि उघड्यावर रचलेला गोवऱ्यांचा आवा ही सारी सामग्री मात्र जुनीच होती.

पुढे इतर पुएब्लो गावांतही असे कथेकरी, आज्या, अगदी अस्वलेसुद्धा घडू लागली आणि बाजारात अवघ्या काही दशकांची ही मूर्ती प्राचीन मानली जाऊ लागली. सर्वजण तिला कथेकरी म्हणतात, पण ती आपल्या आजोबांवरून घडली हे त्यांना ठाऊक नसते, अशी खंत कॉर्देरो बोलून दाखवत.