कपाळाची कातडी, शेजारची हिरडी

हिरडी सरून दाताचं मूळ उघडं पडलं, की अंथुर्ण्यात आपण म्हणतो, "वय झालं." पण सरलेल्या हिरडीवर शस्त्रक्रिया होते, आणि तिच्यामागची युक्ती आपल्या पुण्यानं फार आधी पाहिली आहे.

१७९२ च्या युद्धात टिपूच्या कैदेत इंग्रज फौजेतल्या कावसजी नावाच्या गाडीवानाचं नाक कापलं गेलं. पुढे पुण्याजवळ, विटा पाडणाऱ्या समाजातल्या एका माणसाने कपाळाची कातडी वळवून त्याला नवं नाक बसवलं. १७९४ साली ही हकीकत लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापून आली. कातडी एका बाजूने जोडलेलीच ठेवायची, म्हणजे तिला रक्त मिळत राहतं.

१९५६ साली ग्रूप आणि वॉरन या दंतवैद्यांनी शेजारची हिरडी अशीच सरकवून उघडं मूळ झाकलं. शेजारी पुरेशी हिरडी नसेल, तर टाळूतला थर काढून लावतात. १९८५ साली लँगर यांनी तो थर हिरडीच्या पदराखाली ठेवला, म्हणजे त्याला दोन्ही बाजूंनी रक्त मिळतं.

सगळा खेळ रक्ताचा, आणि तंबाखू नेमक्या रक्तवाहिन्या आवळते. म्हणून शस्त्रक्रियेआधी मिशरी सुटायला हवी. कावसजीचं नाक शत्रूने कापलं. हिरडी मात्र आपण आपल्याच बोटाने घासून घालवतो.