थरावर थर: साउथॅम्प्टनच्या स्फटिक-लेसरची वाटचाल

साउथॅम्प्टन विद्यापीठाचं नाव निघालं की प्रकाशतंतूंविषयी बोललं जातं, आणि ते रास्तच आहे. १९८७ साली डेव्हिड पेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एर्बियम मिसळलेल्या काचतंतूत प्रकाशाचा संदेश थेट वाढवून दाखवला. समुद्राखालून धावणारं आजचं इंटरनेट त्याच शोधावर उभं आहे. दोन वर्षांनी, १९८९ मध्ये, तिथे ऑप्टोइलेक्ट्रॉनिक्स रिसर्च सेंटर स्थापन झालं. अलेक गॅम्बलिंग त्याचे पहिले संचालक. पण काचेसाठी नावाजलेल्या याच संस्थेत आणखी एक काम वर्षानुवर्षं नेटाने चालू राहिलं. स्फटिकाचा काही मायक्रॉन जाडीचा थर वाढवायचा आणि त्या थराचाच लेसर करायचा, हे ते काम. मला ते तितकंच मोलाचं वाटतं.

हाताशी काच असताना स्फटिकाच्या मागे का लागायचं? काच उष्णता फार हळू वाहून नेते. लेसरसाठी वापरला जाणारा याग, म्हणजे यट्रियम-अॅल्युमिनियम गार्नेट, हे काम सिलिका काचेच्या कितीतरी पट चांगलं करतो. त्यात थर सपाट असला की उष्णता तळाच्या रुंद पृष्ठातून झटकन निघून जाते. थराचा अपवर्तनांक भोवतालच्या पदार्थाहून जास्त असल्यामुळे प्रकाश आत कोंडला जातो आणि संपूर्ण लांबीभर त्याची तीव्रता टिकते. लेसरला ऊर्जा पुरवणाऱ्या, म्हणजे तो पंप करणाऱ्या, डायोड बारमधून प्रकाश निघतो तोही रुंद, चपट्या पट्टीच्या आकाराचा. असा प्रकाश चपट्या थरात शिरवणं सोपं जातं.

असे थर वाढवण्याचे मार्ग इतरांनीही शोधले होते. फ्रान्समध्ये ग्रेनोबलला वितळलेल्या द्रावात आधारस्फटिक बुडवून त्यावर गार्नेटचे थर चढवले जात. साउथॅम्प्टनच्या रॉब ईसन यांच्या गटाने मात्र पल्स्ड लेसर डिपॉझिशनची वाट धरली. निर्वात पेटीत थोडा ऑक्सिजन सोडायचा आणि पदार्थाच्या टार्गेटवर अतिनील लेसरच्या काही नॅनोसेकंदांच्या पल्स मारायच्या. प्रत्येक पल्सबरोबर पदार्थाचा प्लाझ्मा उसळतो आणि समोरच्या तापलेल्या सबस्ट्रेटवर, म्हणजे आधारस्फटिकावर, जमतो. तापमान योग्य असेल तर येणारे अणू खालच्या स्फटिकाचीच रचना पुढे चालवतात. हे सबस्ट्रेट तापवायलाही या गटाने कार्बन डायऑक्साइड लेसरच वापरला.

१९९६ साली यश आलं. यागवर वाढवलेल्या निओडिमियमयुक्त गॅडोलिनियम-गॅलियम गार्नेटच्या थरातून लेसर सुरू झाला. पुढच्याच वर्षी, प्राग आणि ग्रीसमधल्या सहकाऱ्यांच्या साथीने, टायटॅनियम-सफायरचा थरही लेसर झाला. टायटॅनियम-सफायरला पंपाची तीव्रता फार लागते, म्हणून त्याला असं कोंडून धरण्याचा फायदा मोठा.

खरी लढाई त्यानंतरची होती. टार्गेटवरून प्लाझ्माबरोबर बारीक कणही उडतात आणि भातात खडा लागावा तसे थरात रुतून बसतात. असा प्रत्येक कण प्रकाश विखुरतो. गॅलियमची अडचण वेगळी. ते बाष्परूपाने निसटतं, थरात कमी पडतं आणि रचना बिघडते. त्यावर उपाय म्हणून टार्गेटमध्येच ते मुद्दाम जास्त घालावं लागलं. सबस्ट्रेट सगळीकडे सारखं तापावं यासाठीही खटपट करावी लागली. असली कामं बातमीत येत नाहीत, पण थराची गुणवत्ता त्यांच्यावरच ठरते. २००४ मध्ये गटाने ४० मायक्रॉन जाडीचा थर लेसरसाठी वापरला. त्यात प्रकाशाची घट सेंटिमीटरमागे ०.१ डेसिबेल इतकी खाली आली होती, म्हणजे साधारण दोन टक्के. प्रकाशतंतूच्या मानाने ती प्रचंड आहे, पण काही मिलिमीटर लांबीच्या लेसरला चालून जाते.

३० ऑक्टोबर २००५ रोजी विद्यापीठाच्या माउंटबॅटन इमारतीला आग लागली. क्लीनरूम आणि तंतू बनवण्याची सोय जळून गेली आणि पुढची काही वर्षं संस्थेला उभारणीत घालवावी लागली.

स्फटिक-थरांचं काम मात्र पुढे सरकत राहिलं. एकाच पेटीत वेगवेगळी टार्गेट आणि वेगवेगळे लेसर झोत वापरून थराची घडण वाढतावाढताच बदलता येऊ लागली. मधला भाग लेसरचा आणि वरखाली प्रकाश अडवणारे थर, अशी रचना एकाच बैठकीत होऊ लागली. २०१६ साली यागवरच वाढवलेल्या १५ मायक्रॉन जाडीच्या यटर्बियम-यागच्या थरातून ११.५ वॅट इतका लेसर प्रकाश मिळाला, ४८ टक्के स्लोप कार्यक्षमतेने, म्हणजे वाढवलेल्या पंप-शक्तीपैकी ४८ टक्के भाग लेसर प्रकाशात उतरला. भट्टीतून ओढलेल्या स्फटिकाच्या तोडीचा स्फटिक या पद्धतीने वाढवता येतो, हे त्यातून दिसलं. त्याच्या वीस वर्षं आधी पहिला लेसर सुरू झाला, त्या वेळी ही मजल गाठता येईल असं छातीठोकपणे सांगणं अवघडच होतं.

कणांचा प्रश्न पुरता सुटलेला नाही. पल्स एकाच दिशेने येत राहिल्या की टार्गेटच्या पृष्ठावर त्याच दिशेला कललेले सुळके तयार होतात आणि त्यांतून कण सुटतात. म्हणून २०१९ मध्ये गटाने टार्गेटवर दोन दिशांनी मारा करून पाहिला. सुळक्यांची वाढ रोखली गेली आणि थरातले कण कमी झाले.