शहापूर-मुरबाडकडील मृत्युपत्रें

इ. स. १८७० च्या सप्टेंबर महिन्याच्या पहिल्या तारखेपासून मुंबई शहरांतील हिंदु गृहस्थास आपल्या मरणानंतरची व्यवस्था कागदावरच करणें भाग पडलें. हिंदु विल्स अ‍ॅक्ट या नांवाचा कायदा त्या दिवशीं अमलांत आला. मृत्युपत्र लेखी असावें, त्यावर तें करणाराची सही अगर निशाणी असावी, आणि दोन साक्षीदारांनीं त्यावर साक्ष घालावी, एवढें त्याचें मुख्य मागणें होतें. परंतु हें मागणें शहराच्या वेशीपाशींच थांबलें. बंगालकडील प्रांत सोडल्यास हा कायदा केवळ मद्रास व मुंबई या दोन शहरांनाच लागू होता.

कल्याणच्या पलीकडे शहापूर व मुरबाड हे ठाणें जिल्ह्यांतील दोन डोंगराळ तालुके आहेत. त्यांपैकीं शहापुरास आगगाडी नवखी नव्हती. १८६१ च्या जानेवारींत ती आसनगांवावरून कसाऱ्यापर्यंत जाऊं लागली होती. आसनगांवास गाडींत बसलेला मनुष्य त्याच दिवशीं मुंबईस उतरे; तेवढीच वाट उलट चालून येण्यास कायद्याला मात्र छपन्न वर्षें लागलीं.

या छपन्न वर्षांतील स्थिति मोठी चमत्कारिक होती. मुरबाडकडे शेती आणि गिरगांवांत घर असा एखादा गृहस्थ गांवींच अंथरुणास खिळला आहे, असें समजावें. शहरांतील स्थावर मिळकतीपुरता कायदा लागू असल्यामुळें घराची व्यवस्था त्यास साक्षीदारांसह लिहून ठेवावी लागे. मुरबाडच्या भातखाचरांना त्याचा तोंडचा शब्द पुरे होई.

तोंडी मृत्युपत्राची कल्पना आज विलक्षण वाटते. पण प्रिव्ही कौन्सिलनेंही १८६७ च्या सुमारास बिहारकडील एका दाव्यांत हिंदूचें तोंडी मृत्युपत्र मान्य केलें होतें. आपल्या जुन्या धर्मशास्त्राला मृत्युपत्राची ओळखच फारशी नव्हती. दान होतें, वाटणी होती, दत्तक होता. परंतु आपण गेल्यावर आपली मिळकत कोणाकडे जावी हें आज सांगून ठेवण्याचा निराळा विधि नव्हता. मुरबाड तालुक्याच्या टोकाशीं जो नाणेघाट आहे, त्याच्या माथ्यावरील लेण्यांत सातवाहन राणी नागनिका हिचा म्हणून प्रसिद्ध असलेला शिलालेख आहे. यज्ञप्रसंगीं दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, गांवें आणि कार्षापणें यांची त्यांत आंकडेवार नोंद आहे. दोन हजार वर्षांपूर्वींचें असें काटेकोर दानपत्र क्वचितच पाहावयास मिळेल! पण तें दानाचेंच पत्र. दात्यानें जिवंतपणीं हातावेगळें केलेलें तेवढेंच त्यांत आलें आहे. मरणोत्तर व्यवस्थेचा कागद ही वस्तु इंग्रजी न्यायालयांच्या सहवासांत वाढली.

शिवाय कुणब्याजवळ लिहून ठेवण्यासारखें होतें तरी काय? जमीन बहुधा अविभक्त कुटुंबाची, आणि अविभक्त हिस्सा मृत्युपत्रानें देतां येत नाहीं, हें लक्ष्मण दादा नाईक विरुद्ध रामचंद्र दादा नाईक या मुंबईकडील दाव्यांत प्रिव्ही कौन्सिलनें १८८० सालीं कायम केलें. जो दुसऱ्याच्या जमिनीवर कूळ म्हणून राबत होता, त्याच्यापाशीं तर देण्यासारखें खोपट आणि बैलजोडी एवढेंच. मृत्युपत्र हा तेव्हां थोड्याच घरांचा प्रश्न होता. त्या घरांत मात्र तो बिकट होई. शेवटचा शब्द ऐकण्यास उशाशीं कोण होतें? नेमके शब्द काय निघाले? तोंडी मृत्युपत्राचा पुरावा न्यायालयें फार काटेकोरपणें तपासीत, आणि तें योग्यच होतें. पण विधवा एक सांगते आणि दीर दुसरें सांगतो अशा वेळीं बोलणारा जगांत उरलेला नसे, आणि कोर्टाची पायरी चढण्याचें बळ दोघांचें सारखें नसे.

१ जानेवारी १९२७ पासून हा भेद संपला. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यांत दुरुस्ती होऊन त्या तारखेपासून केलेलें प्रत्येक हिंदु मृत्युपत्र, मग तें शहरांतलें असो कीं खेड्यांतलें, लेखी व दोन साक्षींचें असणें आवश्यक झालें. अक्षरशत्रु माणसास अंगठा चाले. मुद्रांक लागत नाहीं. नोंदणीही सक्तीची नाहीं, आणि ती करणें हें शहाणपणाचें असलें तरी नोंदणी झाली म्हणून मृत्युपत्र निर्विवाद ठरतें असें नाहीं. न्यायमूर्ति गजेंद्रगडकर यांनीं १९५८ सालीं म्हैसूरकडील एका दाव्यांत सर्वोच्च न्यायालयाचा जो निर्णय लिहिला, तो आजही प्रमाण मानतात. सही कांपरी आहे, मन दुर्बल आहे, आणि ज्याला लाभ व्हावयाचा त्यानेंच कागद तयार करण्यांत पुढाकार घेतला आहे, अशा ठिकाणीं संशय फेडण्याची जबाबदारी मृत्युपत्र पुढें आणणारावरच राहते. तालुक्याच्या गांवीं आजारी वडिलांना गाडींत घालून दस्तलेखकाकडे नेणाऱ्या मुलानें हें लक्षांत ठेवलेलें बरें.

लेखी मृत्युपत्राचा खरा प्रश्न खेड्यांत उभा राहिला तो १९५६ नंतर. १७ जून १९५६ रोजीं हिंदु वारसा कायदा आला. अविभक्त कुटुंबांतील आपला हिस्सा मृत्युपत्रानें देण्याची मोकळीक त्यानें दिली. पुढें दहा महिनेही गेले नाहींत तों १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन उजाडला, आणि कूळकायद्यानें हजारों कुळें जमिनीचीं खरेदीदार मानलीं गेलीं. ज्याच्या बापाजवळ देण्यास कांहीं नव्हतें त्याच्या हातीं जमीन आली, आणि ती लिहून देण्याचा अधिकारही जवळजवळ एकाच वेळीं आला.

पण याच १९५६ च्या कायद्यानें मुलीला बापाच्या मिळकतींत वारस केलें होतें. एका कलमानें मुलीला दिलें तें दुसऱ्या कलमाच्या आधारें बापाला काढून घेतां येतें, ही गोष्ट कायदा करणारांच्या नजरेंतून सुटली नसावी. त्यांनीं ती पत्करली. २००५ च्या दुरुस्तीनें मुलीला जन्मतःच हिस्सा दिल्यावर तो हिस्सा बापाच्या मृत्युपत्राच्या आवांक्याबाहेर गेला. बापाचा स्वतःचा वांटा मात्र अजून त्याच्याच मर्जीवर आहे. उरलेलें काम हक्कसोडपत्र करतें. भाऊबीजेच्या ताटाला कायद्याहून जास्त वजन असतें, हें कोणाला सांगावयास नको. ठाकूर, कातकरी, वारली, महादेव कोळी या अनुसूचित जमातींना तर हा १९५६ चा कायदा आपोआप लागूच होत नाहीं.

कुळाच्या जमिनीलाही मर्यादा आहे. कूळकायद्याच्या ४३ व ६३ या कलमांविषयीं गुजराथेंतील एका दाव्यांत सर्वोच्च न्यायालयानें २०२० सालीं निर्णय दिला. जी शेतजमीन शेतकरी नसलेल्या मनुष्यास विकतां येत नाहीं ती मृत्युपत्रानेंही देतां येणार नाहीं, असें त्यांत ठरलें. कायद्याचें मूळ १९४८ च्या मुंबई राज्यांतलें असल्यामुळें हा निर्णय इकडेही महत्त्वाचा आहे. महाराष्ट्रानें २०१४ सालीं ४३ वें कलम बरेंच सैल केलें. ६३ वें सामान्यतः उभें आहे. सेवा केली म्हणून शहरांतल्या परक्याला शेत लिहून देणाऱ्या वृद्धाची इच्छा येथें अडते.

मुखत्यारपत्राची गोष्ट थोडक्यांत सांगतां येते. धरणें झालीं, समृद्धि महामार्ग शहापूर तालुक्यांतून गेला. जमिनीचे व्यवहार वाढले आणि मुंबईस राहणाऱ्या भावांनीं गांवच्या भावास मुखत्यार नेमलें. नेमणारा मेला कीं साधें मुखत्यारपत्र त्याच्याबरोबरच संपतें. त्याच्या जोरावर मरणानंतर केलेली सही फुकट जाते, आणि केवळ मुखत्यारपत्रानें जमिनीची मालकी बदलत नाहीं हें सर्वोच्च न्यायालयानें २०११ सालीं स्पष्ट केलें आहे.

त्याच वर्षीं त्याच न्यायालयापुढें परळच्या के. ई. एम. रुग्णालयांतील परिचारिका अरुणा शानबाग यांचें प्रकरण आलें होतें. १९७३ च्या नोव्हेंबरांतील हल्ल्यानंतर त्या शुद्धीवर अशा कधीं आल्याच नाहींत. सहकारी परिचारिकांनीं २०१५ च्या मे महिन्यांत मृत्यु येईपर्यंत त्यांची शुश्रूषा केली. त्यांची स्वतःची इच्छा काय होती, हें सांगणारा कागद नव्हता. उपचार थांबविण्याची विनंती न्यायालयानें नाकारली. परंतु अशा इच्छेला जागा करून देण्याचा विचार तेथून पुढें सरकला, आणि ९ मार्च २०१८ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें ‘लिव्हिंग विल’ म्हणजे जिवंतपणींच अमलांत यावयाचें वैद्यकीय इच्छापत्र मान्य केलें. बरें होण्याची आशा नसतां यंत्रांवर आपल्याला जगवूं नये, हें शुद्धींत असतांना लिहून ठेवण्याची ही सोय. तेव्हां दोन साक्षीदारांखेरीज न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागे, आणि ती मिळवणें इतकें अवघड कीं इच्छापत्रें फारशीं होईनात. २४ जानेवारी २०२३ च्या निर्णयानें नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरे झाला. इच्छापत्राची प्रत स्थानिक संस्थेच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे ठेवावयाची असते, आणि तें अमलांत आणण्यापूर्वीं डॉक्टरांच्या दोन मंडळांची संमति लागते. शहापूर व मुरबाड या गांवीं आज नगरपंचायती आहेत. आसपासच्या पाड्यांवरील माणसाला मात्र डॉक्टरांचें एक मंडळ भेटावयाचें तरी बहुधा ठाणें किंवा मुंबईची वाट धरावी लागते.