भिंतींचे कान आणि जात्याची घरघर

भिंतींना कान असतात, असे आपले वाडवडील सांगून गेले. पण भिंतींना तोंडही असते, हे ध्वनिमुद्रणाच्या इतिहासाने आपल्याला शिकवले. आपण एक शब्द उच्चारावा आणि चारी भिंतींनी तो आपापल्या परीने पुन्हा म्हणावा, असा हा प्रकार आहे.

आरंभी या तोंडाची कोणी फारशी फिकीर केली नाही. १९०२ च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गेसबर्गने कलकत्त्यास गौहरजानचे गाणे मुद्रित केले, तेव्हा मायक्रोफोन नव्हता. गाणाऱ्याने कर्ण्याच्या तोंडाशी उभे राहून जोराने गायचे, त्या जोराने सुई थरथरायची आणि मेणाच्या तबकडीवर रेघ उमटायची. कर्णा इतका बहिरा, की खोलीचे बोलणे त्याच्या कानी जवळजवळ पडतच नसे. पुढे १९२५ च्या सुमारास विजेचे मुद्रण आले. मायक्रोफोनचे कान तीक्ष्ण निघाले. तो गवयाबरोबर खोलीही टिपू लागला.

गंमत अशी, की खोलीची ही बडबड मोजण्याचे शास्त्र त्याआधीच जन्मले होते, आणि तेही चक्क गाद्यांच्या मदतीने! १८९५ मध्ये अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या एका नव्या व्याख्यानगृहात बोललेला शब्द साडेपाच सेकंद घुमत राही. त्यामुळे एका शब्दावर दुसरा चढे आणि ऐकणाऱ्यांना काही उमगेना. वॉलेस सबाइन या तरुण प्राध्यापकाकडे हे दुखणे सोपवले गेले. तो रात्री दुसऱ्या नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या आणवी, ऑर्गनची नळी वाजवी, घुमारा किती वेळ टिकतो ते घड्याळावर मोजी आणि सकाळच्या आत गाद्या जागच्या जागी पोचवी. त्यातून त्याला साधा नियम सापडला. खोली जितकी मोठी तितका घुमारा लांबतो. आवाज पिणाऱ्या वस्तू जितक्या अधिक तितका तो आखडतो.

या गाद्यांची मला आज आठवण होण्यास कारण माझा अंबाजोगाईचा भाचा. जुन्या माळवदाच्या घरातली एक खोली रिकामी करून तो तेथे ध्वनिमुद्रणाची जागा करतो आहे. "मामा, आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्यांच्या जात्यावरच्या ओव्या धरून ठेवायच्या आहेत," असे त्याने सांगितले, तेव्हा मला फार बरे वाटले.

बीड जिल्ह्यात या कामाला मोठी परंपरा आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवॅं यांनी गावोगाव हिंडून बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्याच कामात १९९६ साली माजलगावच्या भीमनगर वस्तीतील बायांनी बाबासाहेबांवर गायिलेल्या ओव्या मुद्रित झाल्या. आज ते आवाज आपण घरबसल्या ऐकू शकतो. पण घरोघर पिठाच्या गिरणीचे पीठ आले, जाती कोपऱ्यात गेली आणि ओव्या येणाऱ्या बाया वयाने थकल्या. त्यातून दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयता ऊसतोडीला निघतो, की कित्येक घरांना कुलूप लागते. वेळ थोडा उरला आहे.

अशा वेळी स्पीकर कोठे ठेवावा, हा प्रश्न कोणाला क्षुल्लक वाटेल. तो तसा नाही. मुद्रण करणारा शेवटी स्पीकरवर ऐकूनच ठरवतो, की काय राखायचे आणि काय छाटायचे. स्पीकर कोपऱ्यात कोंबला, तर दोन भिंती आणि जमीन मिळून खालचे स्वर फुगवतात. ऐकणाऱ्याला वाटते, घरघर फार झाली. तो ती कमी करतो. मग ओवी उरते, पण जाते नाहीसे होते. आणि जात्याची घरघर म्हणजे तर त्या गाण्याचा तंबोरा!

भाच्याची खोली १४ फूट लांब, १० फूट रुंद आणि ९ फूट उंच. मातीच्या जाड भिंती रस्त्याचा गलबला आत येऊ देत नाहीत, पण खालचे स्वरही बाहेर सोडत नाहीत. तेव्हा आम्ही बेत केला तो असा. दोन्ही स्पीकर आखूड भिंतीपासून २ फूट पुढे घ्यायचे, दोहोंत ४ फुटांचे अंतर ठेवायचे, आणि दोन्ही बाजूंच्या भिंती सारख्याच, ३-३ फूट, दूर. ऐकणाऱ्याचे डोके त्या दोहोंशी समभुज त्रिकोण साधेल असे, म्हणजे समोरच्या भिंतीपासून साडेपाच फुटांवर. दोन स्पीकरांतून आवाजाची दिशा दाखवण्याची युक्ती लंडनच्या अॅलन ब्लुमलाइनने १९३१ मध्ये पेटंटासाठी मांडली. ती साधायची, तर दोन्ही बाजू सारख्या हव्यात. खोलीच्या ऐन मध्यावर मात्र बसू नये. १४ फुटांच्या लांबीत ४० हर्ट्झच्या आसपासचा स्वर दोन्ही टोकांना फुगतो आणि मध्यावर जवळजवळ विरून जातो.

राहिल्या बाजूच्या भिंती. त्यांवरून एकाने आरसा सरकवत न्यावा. बसलेल्याला जेथे आरशात स्पीकर दिसेल, तेथे गोधडी टांगावी. भिंतीपासून वीतभर सुटी टांगली, की ती अधिक आवाज पिते. तरीही खालचे स्वर तिला पुरते जुमानत नाहीत. त्यांच्यासाठी कोपऱ्यांत कापसाचे जाड गठ्ठे हवेत.

सबाइनने गाद्या उसन्या आणल्या; भाच्याला त्याची गरज पडणार नाही. ज्या हातांनी जाते ओढले, त्याच हातांनी शिवलेल्या गोधड्या प्रत्येक घरी आहेत. कोयता परत येईल तोवर खोली सज्ज व्हावी. मग आजीबाई जात्यापाशी बसतील, आणि निदान त्या वेळी तरी भिंतींनी मध्येच बोलू नये, एवढीच इच्छा.