इतिहासाचे पहारेकरी

बुलढाणा जिल्ह्यांत, लोणार तालुक्यामध्यें, सुलतानपूर हें गांव आहे. याच मुलखांत सिंदखेड राजा असून तेथील जाधवरावांचा वाडा जिजाबाईंचें जन्मस्थान म्हणून सर्वश्रुत आहे. १६२९ सालीं लखुजी जाधवराव आपल्या पुत्रांसह दौलताबादेस निजामशहाच्या दरबारीं दग्यानें मारले गेले. आदल्या रात्रीं कोणी जाऊन त्यांस सावध करावयास हवें होतें, असें ही हकीकत वाचतांना कोणास वाटलें नसेल?

परंतु सावध केलें असतें तर? शहाजीराजांनीं निजामशाही सोडली ती या हत्येनंतर. पुढें १६३० च्या फेब्रुवारींत शिवनेरीवर शिवजन्म झाला. मातामहांस वाचविणाऱ्या त्या परोपकारी प्रवाशानें पुढील साऱ्या घटनांचा धागाच तोडला नसता, याची हमी कोण देणार?

नेमक्या याच प्रश्नावर ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेनें एक सबंध सरकारी खातें उभें केलें आहे. मालिका १९६६ सालीं सुरू झाली. पुढच्याच वर्षींच्या एका भागांत कप्तान कर्क १९३० च्या न्यूयॉर्कमध्यें जातो आणि एडिथ कीलर नांवाच्या दयाळू स्त्रीवर त्याचें मन जडतें. ती मोटारीखालीं सांपडून मरावयाची असते. ती वाचली तर तिच्या शांततावादी चळवळीमुळें अमेरिका युद्धांत उशिरां उतरेल आणि हिटलर जिंकेल. कर्क तिला मरूं देतो. आजही तो प्रसंग पाहतांना जीव कासावीस होतो.

हा विचार त्यापूर्वींच कथावाङ्मयांत आलेला होता. पोल अँडरसन यांनीं आपले काळरक्षक १९५५ सालींच निर्माण केले होते. तथापि या कल्पनेंतील विनोद साधला तो मालिकेनेंच. १९९६ च्या ‘डीप स्पेस नाइन’मधील एका भागांत दोन रुक्ष अधिकारी कप्तान सिस्कोची जबानी घ्यावयास येतात, कारण तो शंभराहून अधिक वर्षें मागें, कर्कच्या जहाजावर, जाऊन आलेला असतो. कर्कचें नांव निघतांच ते कपाळाला हात लावतात, कारण त्याच्या नांवावर कालभंगाचे सतरा गुन्हे असून दप्तरांतील सर्वांत जाड फाईल त्याचीच असते! जगाचें भवितव्य ज्यांच्या हातीं, ते आपल्या कचेरींतील हेडक्लार्कासारखेच दिसावेत, ही कल्पना मोठी मार्मिक आहे.

त्याच वर्षीं ‘व्हॉयेजर’मध्यें एकोणतिसाव्या शतकांतला ब्रॅक्स्टन नांवाचा पहारेकरी आला. भावी अनर्थ टाळण्यासाठीं तो एका जहाजाचा नाश करूं जातो आणि त्या खटाटोपांतूनच अनर्थाचें बीज पेरलें जातें. स्वतः तो लॉस एंजलिसच्या रस्त्यांवर भिकाऱ्यासारखा फिरत राहतो. रक्षणाच्या नांवाखालीं निरपराधांचा आगाऊ बळी घेणाऱ्यास याहून वेगळी गति मिळती तर कथा खोटी वाटली असती.

मराठींत जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांनीं ‘गंगाधरपंतांचें पानिपत’ या कथेंत निराळीच वाट धरली. ट्रकच्या अपघातानंतर पुण्याचे हे इतिहासाचे प्राध्यापक अशा एका मुंबईंत पोंचतात, जेथें इंग्रजांचें निशाण अद्याप फडकत आहे. परंतु १७६१ चें पानिपत मात्र मराठ्यांनीं जिंकलेलें आहे. विश्वासरावांस लागलेली गोळी त्या जगांत कानाला चाटून गेली, एवढाच फरक! येथें ना खातें, ना चौकशी. दोन्ही इतिहास आपापल्या ठिकाणीं खरे असून एकासाठीं दुसऱ्याचा बळी द्यावा लागत नाहीं. एडिथ कीलरच्या गोष्टीपेक्षां ही कल्पना अधिक दयाळू खरी. पण ती पंतांस सुखानें राहूं देत नाहीं. सभेंतील रिकामी खुर्ची पाहून, सहस्र व्याख्यानांच्या अध्यक्षपदाची संवय जडलेले पंत तींत जाऊन बसतात आणि त्या जगांतील संतप्त श्रोते त्यांस व्यासपीठावरून हुसकावतात. परत येतांना त्यांच्याजवळ उरतें तें बखरीचें एक फाटकें पान.

सिंदखेड राजास लखुजींची भव्य समाधि आहे. तिच्याविषयीं दुसरें पान अद्याप कोणाच्या खिशांत सांपडलेलें नाहीं.